डाव्या हातातला वस्तरा

आमचे भाऊजी आरसे बनवतात. भाऊजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. मी त्यांच्याच कारखान्यात आरशांच्या चौकटी करतो. त्यामुळे मेहुणा म्हणून जेवढा मान मिळायला हवा तेवढा मिळत नाही, आणि कामगार म्हणून जेवढी सुट्टी मिळायला हवी तीही मिळत नाही. तक्रार नाही, आपलं सांगून ठेवलं.

भाऊजी साठी ओलांडलेले, अंगाने सडपातळ, बोलायला कमी आणि डावखुरे. इतरांचं डावखुरेपण असतं तसं त्यांचं नव्हतं. ती त्यांची वडिलोपार्जित इस्टेट होती. एखादं नवं गिऱ्हाईक यायचं, भाऊजींना डाव्या हाताने काच कापताना बघायचं आणि काहीतरी बोलून जायचं. की लगेच हिरकणी, म्हणजे आमचं काच कापायचं हत्यार, खाली ठेवून भाऊजी म्हणायचे, "वडिलांवर गेलोय." आणि मग ती गोष्ट. मी ती इतक्यांदा ऐकलीय की कधीकधी मलाच वाटायचं, मीही तिथेच कुठेतरी उभा होतो.

गोष्ट एवढीशीच. भाऊजी कुणाच्या तरी मांडीवर बसलेत. तो माणूस दाढी करतोय. गालभर साबणाचा फेस, डाव्या हातात वस्तरा. मध्येच तो थांबतो, बोटावर थोडा फेस घेतो आणि मांडीवरच्या पोराच्या नाकाला लावतो. पोराचं नाक पांढरंफटक. दोघंही हसतात. बस्स. आवाज नाही, मागचं नाही, पुढचं नाही. वडील गेले तेव्हा भाऊजी जेमतेम अडीच वर्षांचे होते. वडिलांचा फोटो नाही, घड्याळ नाही, चप्पल नाही. आई त्यांच्याविषयी बोलायची नाही. विचारलं की उठून कामाला लागायची. तीही जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा वडील म्हणून भाऊजींच्या हाताशी काय, तर तो फेस आणि तो डावा हात.

एकदा चहा पिता पिता मी सहज म्हटलं, "पण भाऊजी, स्वतःचं नाक पांढरं झालेलं तुम्हाला दिसलं कसं?" त्यांनी आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. अक्का मला म्हणाली, "तुला नसत्या चौकशा हव्यात कशाला? चौकटी कर मुकाट्याने."

हे डावखुरेपण जन्माचं होतं की हट्टाने आणलेलं, हे आता कुणी सांगू शकणार नाही. मला मात्र शंका होती. सुईत दोरा ओवताना, दाराला कुलूप लावताना, माशी मारताना भाऊजींचा उजवा हात आधी पुढे यायचा. मग त्यांच्या लक्षात यायचं आणि ते हात बदलायचे. नातवाने चमचा डाव्या हातात धरला त्या दिवशी तर त्यांनी ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. चौथ्या पिढीत उतरलं म्हणे. पुढच्याच आठवड्यात नातू चमचा उजव्या हातात धरायला लागला. तो फोन त्यांनी कुणाला केला नाही.

कारखाना मुळात मामांचा. हे भाऊजींच्या आईचे धाकटे भाऊ. नवरा गेल्यावर पोराला घेऊन ती या भावाकडे आली. खाली कारखाना, वर एक खोली. त्या एका खोलीत तिघं. मामांनी लग्न केलं नाही. का केलं नाही, ते त्यांना कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं. मामा म्हणजे तोलूनमापून बोलणारा माणूस. काम चुकलं तर "पुन्हा कर," आणि बरोबर आलं तर काहीच नाही. मी त्यांच्या हाताखाली वीस वर्षं चौकटी केल्या, "बरी झालीय" एवढंसुद्धा ऐकलं नाही. मला त्याचं काही वाटायचं नाही, कारण माझे वडील घरी होते आणि त्यांची बडबड थांबता थांबायची नाही.

भाऊजींना वाटायचं. ते उघड म्हणायचे, "मामांनी मला वाढवलं, शिकवलं, धंदा हातात दिला. सगळं कबूल. पण वाढवणं वेगळं आणि माया वेगळी. मला फरक कळतो. माया मी बघितलीय." बघितलीय म्हणजे तेच, पांढरं नाक. बिचारे मामा उभा जन्म त्या फेसाशी झुंजत होते आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

तसं पाहिलं तर एक गोष्ट भाऊजींच्याही लक्षात यायला हवी होती. काच कापायचं टेबल उजव्या हाताच्या माणसासाठी मांडलेलं असतं. उजेड डावीकडून, म्हणजे हाताची सावली काचेवर पडत नाही. भाऊजी काम शिकायला लागले तेव्हा त्यांनी हिरकणी डाव्या हातात धरली. मामा म्हणाले, उजव्या हातात घे. भाऊजी म्हणाले, "माझे वडील डावखुरे होते." मामांनी त्यांच्याकडे बघितलं आणि विषय सोडला. काही दिवसांनी समोरच्या भिंतीला दुसरं टेबल आलं, उजेड उजवीकडून येईल असं. मामा एवढंच म्हणाले, "काच फुकट घालवू नकोस." आपल्या बहिणीचा नवरा कुठल्या हाताने काम करायचा, हे त्या माणसाला ठाऊक नसेल? पण हे सगळं आता सुचतंय. मी कामाला लागलो तेव्हा ते टेबल डुगडुगत होतं, त्याची चौकट ठोकण्यापलीकडे मी काही केलं नव्हतं.

गेल्या वर्षी आमची गल्ली रुंद करायचं ठरलं आणि कारखाना जाणार हे नक्की झालं. भाऊजींनी गावाबाहेर शेड घेतली. यंत्रं कुठे लावायची, पाण्याच्या टाक्या कुठे बसवायच्या, सगळं कागदावर आखून झालं. राहिले वरच्या खोलीतले मामा. वय पंच्याऐंशी, गुडघे धरलेले, कान मात्र तिखट.

अक्का म्हणाली, "आपल्याकडे आणू. मागची खोली रिकामीच आहे."

"मी चौकशी केलीय," भाऊजी म्हणाले. "म्हाताऱ्या माणसांसाठी चांगली जागा आहे. स्वच्छ आहे, डॉक्टर येतो, बाग आहे."

"आपल्याकडे डॉक्टर येत नाही का?"

"मला नाही जमायचं. रोज समोर बसून काय बोलायचं आम्ही? सगळ्या आयुष्यात कधी बोललो नाही."

अक्काने भांडी जरा जोरात ठेवली. मामांना सांगायला मलाच पाठवलं. मी आडून आडून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "खिडकी आहे का?"

"आहे," मी म्हणालो.

"बरं."

मला भाऊजींचा राग आला. अगदी मनापासून आला. पण मेहुण्याच्या रागाला विचारतो कोण.

त्याच सुमारास भाऊजींच्या आत्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी शहरात आल्या. वडिलांची सख्खी धाकटी बहीण. त्या घराशी संबंध कधीचे तुटलेले. वडिलांनी लग्न केलं ते दोन्हीकडच्यांना पसंत नव्हतं, आणि ते गेल्यावर तर कुणी कुणाकडे फिरकलंच नाही. आता म्हातारपणी आत्यांना भाच्याला बघावंसं वाटलं. त्या आपल्या मुलाचा हात धरून कारखान्यात आल्या. भाऊजींना काय करू आणि काय नको असं झालं. खुर्ची पुसली, पंखा त्यांच्याकडे वळवला, आणि चहा यायच्या आतच हिरकणी डाव्या हातात घेऊन एक काच सरळ कापून दाखवली.

"बघ आत्या. वडिलांवर गेलोय की नाही?"

आत्यांनी डोळ्यांवरचा काळा चष्मा वर केला. "कशात?"

"डावखुरा."

"कोण, दादा?" त्या हसल्या. "दादा कुठला डावखुरा! उजव्या हाताने लिहायचा, उजव्या हाताने मारायचा. माझ्या याच गालावर द्यायचा नेहमी." त्यांनी डावा गाल दाखवला.

"तुला नीट आठवत नसेल."

"अरे, मार खाल्लेला गाल विसरतं का कुणी?"

आत्यांचा मुलगा हसला, मीही हसलो. भाऊजी हसले नाहीत. आत्या गेल्यावर त्यांनी त्या दिवशीचं काम माझ्यावर टाकलं आणि घरी गेले. अक्का सांगत होती, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही तेच. साठीच्या माणसाने जेवण टाकायला वडील काल तर गेले नव्हते, असं माझ्या मनात आलं. पण खरं म्हणजे त्यांच्यापुरते ते कालच गेले होते. असलेली एकुलती एक गोष्ट आत्यांनी हसत हसत काढून घेतली होती.

मग सलूनचं काम आलं. काम म्हणजे एका भिंतीभर आरसा. आम्ही दोघांनी तो नेला, टेकवला, भाऊजी स्टुलावर चढून वरचे स्क्रू पिळायला लागले. सलूनवाल्याला धंदा बंद ठेवायचा नव्हता, त्यामुळे त्याने बाजूच्या खुर्चीत एका गिऱ्हाइकाची दाढी सुरू केली. आता हे ऐकायला विचित्र वाटेल, पण आरसेवाला आरशात बघत नाही, तो आरसा बघतो. डाग आहे का, बुडबुडा आहे का, पाठीमागची कलई कुठे विरळ झालीय का. समोर कोण उभं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. आम्ही सगळे हयातभर आरशांत राहिलो आणि आपले चेहरे फक्त घरी पाहिले.

त्या दिवशी भाऊजींचा हात थांबला. ते आरशातच बघत होते. मग त्यांनी मान वळवून सलूनवाल्याकडे बघितलं. पुन्हा आरशात, पुन्हा त्याच्याकडे.

"अरे," ते मला म्हणाले, "हा डावखुरा आहे का?"

"नाही. उजव्या हातात वस्तरा आहे की."

"आरशात बघ."

मी बघितलं. आरशात वस्तरा डाव्या हातात होता. असणारच. हे शेंबड्या पोरालाही कळतं. आम्हाला कळायला इतकी वर्षं लागली, आणि तीही आरशांच्या धंद्यात.

भाऊजी स्टुलावरून जवळजवळ उडीच मारून उतरले. "मी आरशात बघत होतो! वडील आरशासमोर बसले होते, मी मांडीवर. म्हणून डावा हात. म्हणून मला माझं नाक दिसलं! तूच विचारलं होतंस ना, नाक कसं दिसलं? हे बघ, असं दिसलं!" सलूनवाला आणि गिऱ्हाईक, दोघंही फेसासकट आमच्याकडे बघत राहिले. भाऊजींचे डोळे भरून आले होते. मला त्यांना इतकं आनंदात कधी बघितल्याचं आठवत नाही. उरलेले स्क्रू मी पिळले.

तिथून थेट आत्यांकडे. ऑपरेशन झालं होतं, एका डोळ्यावर पट्टी होती. भाऊजींनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आठवण खोटी नव्हती, फक्त उलटी होती. आत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आरसा कुठला?" त्यांनी विचारलं.

"कुठला म्हणजे? घरातला."

"आमच्या घरात? अरे, दादा कामाला होता त्या कारखान्याच्या वसाहतीतली एक खोली ती. तुझ्या आईचं लग्न झाल्यावर मी तिथे दोन वर्षं राहिले. नळ बाहेर, चार घरांत मिळून एक. नळाच्या वर भिंतीत आरशाचा एक तुकडा बसवलेला होता, हाताच्या पंज्याएवढा. दादा उभ्यानेच दाढी करायचा. अर्धा गाल दिसला की मान वळवून उरलेला बघायचा. तेही पहाटे, अंधारात. तू झोपलेला असायचास."

भाऊजी बाजूच्या खुर्चीवर टेकले.

"पोराला मांडीवर घेऊन बसल्या बसल्या दोघंही दिसतील एवढा आरसा," आत्या म्हणाल्या, "तेव्हा कुणाच्या घरी असायचा? तूच सांग. तुझा धंदा आहे."

मला उत्तर सुचलं, आणि भाऊजींनाही सुचलेलं मला दिसलं. त्यांनी एक शेवटचा प्रयत्न केला. "वडील मामांकडे येत असतील. मला घेऊन."

"तुझ्या मामाकडे? लग्नाला त्याने मोडता घातला, तेव्हा दादा म्हणाला होता, या माणसाच्या दारात पाय ठेवणार नाही. आणि नाही ठेवला. हट्टी होता फार." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "तुझ्यावर जीव होता हं त्याचा. पण तुला आठवावं एवढा वेळ मिळाला नाही त्याला."

परत येताना गाडी मी चालवली. मग पुढचे दिवस कामात गेले. सामान हलवायला सुरुवात झाली, टाक्या गेल्या, टेबलं गेली. मामांना न्यायचा दिवस ठरलेलाच होता. तो कुणी बदलला नाही. मी दोनदा विषय काढायला गेलो आणि दोन्ही वेळा भाऊजींनी मला स्क्रू मोजायला बसवलं.

त्या सकाळी टेम्पो खाली उभा होता आणि आम्ही दोघं वर गेलो. मामा आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून खाटेच्या कडेला बसले होते. एक पेटी, एक वळकटी. दोन्हींना दोरी स्वतःच बांधलेली. मी पेटीला हात घातला.

"थांब जरा," भाऊजी मला म्हणाले. मग मामांकडे वळले. "मामा, एक विचारायचं होतं."

"विचार."

"खाली मोठ्या आरशासमोर बसून, मला मांडीवर घेऊन, दाढी कोण करायचं?"

मामांनी त्यांच्याकडे बघितलं. मग खिडकीकडे. "तुझे वडील," ते म्हणाले.

"ते इथे यायचे?"

"यायचे. तुला घेऊन यायचे. तू लहान होतास."

"आत्या म्हणते, त्यांनी या दारात कधी पाय ठेवला नाही."

"तिला काय ठाऊक? ती काय इथे होती?" मामांचा आवाज चढला. त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "डाव्या हातात वस्तरा असायचा ना? झालं तर मग. डावखुरेच होते ते."

"आरशात डावा, मामा," भाऊजी म्हणाले. "म्हणजे उजवा."

मामांनी साठ वर्षं आरसे केलेले. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. खाली टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. मी खिडकीतून हातानेच त्याला थांब म्हटलं.

"तुझ्यापाशी त्यांचं तेवढंच होतं रे," शेवटी मामा म्हणाले. "ते पण मी घेऊ?"

भाऊजी खाली बसले. म्हणजे खाटेवर नाही, जमिनीवरच बसले. मग त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात राग होता, लपवलेला नव्हता, "मग पुढे का नाही? मला कळायला लागल्यापासून तुम्ही एकदाही जवळ घेतलं नाहीत. एकदाही."

"तू मला बाबा म्हणायला लागला होतास," मामा म्हणाले. "दिवसभर मागे मागे, बाबा, बाबा. ताईला ते सोसेना. एकदा माझ्यासमोर बसून रडली. म्हणाली, माझ्या पोराला त्याचा बाप विसरायला लावू नकोस. तिचंही बरोबर होतं. म्हणून मग घेणं सोडलं."

"आणि मी?"

"रडलास थोडे दिवस. मांडीवर चढायला बघायचास, मी उठून कामाला लागायचो. मग विसरलास."

आता पंच्याऐंशीव्या वर्षी मामांना आठवतं ते तरी किती खरं, असं कुणी म्हणेल. एरवी मीच म्हटलं असतं. तेव्हा मात्र मी पेटीचं एक टोक उचललं. दुसरं भाऊजींनी उचललं, आणि जिन्याच्या वरून मामांना म्हणाले, "तुम्ही घाई करू नका. मी घ्यायला येतो वर."

खाली टेम्पोवाला कंटाळला होता. "बागेवालीच जागा ना?" त्याने विचारलं. भाऊजींनी त्याला आपल्या घरचा पत्ता सांगितला.